सगुणाबाईंच्या कपातला शेंदूर

१

माईंची किंकाळी मांडवाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेली. खुर्च्या लावणाऱ्या पोरांचे हात थांबले. माइक तपासणारा माणूस बोलता बोलता गप्प झाला. नूतन प्रधान फाटकाशी स्वयंसेवकांना पट्ट्या वाटत होती. त्या तशाच टाकून ती मंचामागच्या खोल्यांकडे धावली.

कलाकारांच्या खोलीत सतरंजीवर सगुणाबाई म्हात्रे कुशीवर पडल्या होत्या. अंगावर हिरवं नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळे मिटलेले. श्वास चालू होता, पण इतका मंद, की नूतनला त्यांच्या नाकाशी बोट धरून खात्री करावी लागली. उशाशी चहाचा कप होता. अर्धा रिकामा. त्याच्या आतल्या कडेला केशरी थर चिकटला होता.

माई भोईर दाराला धरून उभ्या होत्या. त्यांच्यामागे गर्दी जमली आणि कुणीतरी म्हणालं, "शेंदूर आहे तो."

पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. गाणाऱ्याच्या पोटात शेंदूर गेला की गळा कायमचा जातो, हे गाण्याच्या वाटेला न गेलेल्यांनाही ठाऊक असतं. संध्याकाळी वालधुनी कला महोत्सवाचा पडदा उघडायचा होता आणि तो सगुणाबाईंच्या धवल्याशिवाय, त्या लग्नगीताशिवाय, कित्येक वर्षांत उघडला नव्हता.

रुग्णवाहिका आली, म्हातारीला घेऊन गेली. तिची सून शालन सोबत बसली. गर्दी मात्र हलेना. माईंचा आणि महोत्सवाचे अध्यक्ष अण्णा भोईर यांचा मुलगा शौनक गर्दीतून पुढे आला, त्याने कपात वाकून पाहिलं आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अख्ख्या मैदानात शेंदूर एकाच माणसाकडे आहे."

सगळ्यांच्या माना चित्रदालनाकडे वळल्या. तिथे एक मुलगी दगडांच्या मांडणीसमोर उभी होती आणि तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत केशरी होते.

२

त्या मुलीचं नाव जिज्ञासा. बदलापूरची, चित्रकला शिकलेली. यंदा पहिल्यांदाच महोत्सवात आली होती. मोरिवलीच्या आसपासच्या शेतांतले, बांधांवरचे देव कारखान्यांच्या कुंपणांत कसे अडकत गेले, यावर तिची मांडणी होती. कंपन्यांच्या पाडलेल्या भिंतींचे तुकडे गोळा करून तिने त्यांना शेंदूर फासला होता. पण गर्दीला त्या दगडांत रस नव्हता. ती भूपेशची मुलगी आहे, एवढंच प्रत्येकाच्या डोक्यात होतं.

महोत्सव आणि भूपेश यांची गोष्ट अंबरनाथमध्ये सगळे जाणून होते. तीसएक वर्षांपूर्वी एमआयडीसीतल्या एका कारखान्याला टाळं लागलं, माणसं घरी बसली, घराघरांत भांडणं सुरू झाली. तेव्हा अण्णा भोईरांनी मोरिवलीच्या आपल्या खळ्यावर फळ्यांचा मंच घातला. बुवापाड्याचं लेझीम पथक, फॅक्टरी वसाहतीतले नाटकवाले, गावातल्या लग्नांत धवले गाणाऱ्या बायका, सगळ्यांना एका ठिकाणी बोलावलं. ज्याला कुणी मंच देत नाही त्याला आपण द्यायचा, हे त्यांचं म्हणणं. तेच पुढे महोत्सवाचं ब्रीद झालं. पण पहिल्याच वर्षी, दुसऱ्या संध्याकाळी, मांडवाला आग लागली. पडदे रंगवणाऱ्या भूपेशने टर्पेंटाइनजवळ विडी ओढली, असं ठरलं. अण्णांनी त्याला गावासमोर हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी सगुणाबाई राखेत उभ्या राहिल्या आणि माइकशिवाय गायल्या. तेव्हापासून महोत्सव त्यांच्या धवल्यानेच सुरू होतो. दरवर्षीच्या स्मरणिकेत पहिल्या पानावर हीच हकीकत छापून येते, 'एका कलाकाराच्या हलगर्जीपणा'सकट.

अण्णांनी नूतनला बाजूला घेतलं. ती पोलीस खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेली, गेली काही वर्षं महोत्सवाची सुरक्षा सांभाळणारी. हॉस्पिटलने पोलिसांना कळवलंच होतं. ते येईपर्यंत लोक या पोरीचं काय करतील, याचा भरवसा नव्हता. नूतनने चित्रदालनाचं दार आतून लावून घेतलं आणि जिज्ञासासमोर बसली.

मुलगी घाबरली होती, पण रडत नव्हती. तिने सांगितलं, की सगुणाबाई गेल्या महिन्यात बदलापूरला त्यांच्या घरी आल्या होत्या. भूपेश अंथरुणाला खिळलेला, फुप्फुसं निकामी. सगुणाबाईंना वाटत होतं तो कुठेतरी चांगल्या नोकरीला लागला असेल. त्या घटनेनंतर त्याने ब्रश हातात धरला नाही, हे त्यांना तेव्हा कळलं. त्या बराच वेळ त्याच्या पायाशी बसून राहिल्या. यंदा महोत्सवात ये, असा आग्रह त्यांनीच जिज्ञासाला केला.

"निघताना म्हणाल्या, औंदा धवला मागून गाईन, आधी आगीचा खरा सांगीन," जिज्ञासा म्हणाली. "कुणी लावली ते बाबांनाही सांगितलं नाही त्यांनी. म्हणाल्या, सगल्यांसमोरच बोलाचा हाय."

"हे अजून कुणाला माहीत होतं?"

"अण्णांच्या घरी. त्या म्हणाल्या, ज्यांच्या अंगणात जळला त्यांना सांगून आलंय."

बाहेरून दारावर पहिला दगड येऊन आदळला.

३

दगड कुणी मारला ते कळलं नाही. नूतनने दोन दांडगे स्वयंसेवक दाराशी उभे केले आणि ती समितीच्या खोलीत गेली.

अण्णांनी काहीच लपवलं नाही. हो, सगुणा घरी आली होती. आगीबद्दल बोलणार म्हणाली. मी म्हटलं, बोल. काय बोलणार ते विचारलं का, असं नूतनने म्हटल्यावर ते चिडले. विचारायचं काय? आग विझवायला ते स्वतः धावले होते. टर्पेंटाइनचा डबा मंचामागे सापडला होता. भूपेशचं तेव्हाचं वय लक्षात घेऊन त्याला माफ करा म्हणत असेल, असं त्यांना वाटलं होतं. बोलताना त्यांची नजर एकदाही ढळली नाही. पण नूतनने उभ्या आयुष्यात नजर न ढळू देणारे पुष्कळ गुन्हेगार पाहिले होते.

शौनक पुण्याच्या वसतिगृहात वाढलेला, नोकरीसाठी बाहेर राहिलेला. दोन वर्षांपूर्वी परत येऊन त्याने महोत्सवाचं काम हाती घेतलं होतं. सुरुवात धवल्याऐवजी टीव्हीवरच्या एखाद्या गायिकेने व्हावी म्हणून त्याने समितीत वाद घातला होता, हे सगळे जाणत होते. ते त्याने स्वतःहून कबूल केलं. मग म्हणाला, जेवणानंतर सगळ्या कलाकारांना चहा गेला, तेव्हा जिज्ञासा त्या खोलीजवळ घुटमळताना मी पाहिली. बोलताना तो सारखा खिडकीतून बाहेर बघत होता.

माईंना बोलवत नव्हतं. दरवर्षी सगुणाबाईंना मंचासाठी त्याच सजवत. भोईरांच्या घरात सून म्हणून आल्यापासून महोत्सवाची स्वयंपाकघरातली, पाहुण्यांची, साड्या-दागिन्यांची सगळी बाजू त्यांची. मंचावर मात्र त्या कधी दिसल्या नाहीत. सत्काराला नाव पुकारलं तरी विंगेतूनच हात जोडत.

"गजरा माळायला म्हणून गेले," त्या म्हणाल्या. "दार उघडलं तर ही अशी आडवी. उशाशी कप. मला दुसरं काही सुचलंच नाही गं. ओरडले."

"त्याआधी आज त्यांना भेटला होतात?"

"सकाळी आली तेव्हा फाटकाशी. मग कामात कुठे वेळ मिळाला."

तेवढ्यात नूतनचा फोन वाजला. हॉस्पिटलमधून शालन बोलत होती. सासूबाईंचा श्वास अडखळतोय, आत हलवलंय, डॉक्टर काही सांगत नाहीत. शेवटी तिने विचारलं, "मॅडम, इथे सगळे चहाचं विचारतायत. चहा कुठला? त्या तर आज चहा घेणारच नाहीत."

४

शालनने जे सांगितलं ते नूतनने दोनदा विचारून घेतलं. सगुणाबाईंचा स्वतःचा एक नेम होता. मंचावर गायच्या दिवशी गाणं होईपर्यंत पोटात पाण्याशिवाय काही जायचं नाही. त्या राखेतल्या गाण्यापासून त्यांनी तो पाळला होता. मोरिवलीत हे शेंबडं पोरही जाणत होतं. गावातला कुणी त्यांना त्या दिवशी चहा विचारायचा नाही.

नूतन पुन्हा कलाकारांच्या खोलीत गेली. या वेळी तिने कपाकडे नीट पाहिलं. चहा थंड होऊन वर साय धरली होती. साय अखंड होती, पांढरट. तिने चमच्याने ती बाजूला केली. खाली शेंदूर मातीसारखा बसला होता. वर तेलाचा एक थेंबही तरंगत नव्हता.

ती चित्रदालनात परत आली आणि जिज्ञासाला शेंदूर दाखवायला सांगितलं. मुलीने डबा पुढे केला. आत घट्ट, तुळतुळीत लेप होता. देवाला लावतात तसा तेलात कालवलेला. सगळाच कालच कालवला, कोरडा चिमूटभरही उरला नाही, असं ती म्हणाली. नूतनने ग्लासभर पाण्यात त्यातला बोटभर लेप टाकून ढवळला. क्षणात पाण्यावर केशरी तवंगाचे डोळे पसरले.

म्हणजे कपातला शेंदूर जिज्ञासाचा नव्हता. तो कोरडा होता. मैदानाबाहेर मारुतीच्या देवळापाशी फुलवाल्यांकडे त्याच्या पुड्या मिळतात. कुणीतरी ती पुडी मुद्दाम आणली होती, या मुलीवर बोट जावं म्हणून.

पण मग सगुणाबाईंना झालं काय? चहा त्यांनी घेतलाच नव्हता. नूतनने खोलीत पुन्हा नजर फिरवली. कोपऱ्यात त्यांचा पितळी तांब्या होता. घरून भरून आणलेला, दिवसभर पुरवायचा. तो पालथा घातला होता. नूतनने उचलून आत हात फिरवला. तांब्या घासलेला, स्वच्छ आणि अजून ओला होता.

खरकटा कप उशाशी आणि तांब्या मात्र घासून पालथा. नूतन तिथेच सतरंजीवर बसली. जे काही पोटात गेलं ते पाण्यातून गेलं. ज्याने ते पाण्यात घातलं त्याला सगुणाबाईंचा नेम माहीत होता. ज्याने कप ठेवला त्याला तो माहीत नव्हता. मग तो एकच माणूस कसा असेल?

बाहेर आरडाओरडा वाढला. काहीतरी जड कोसळल्याचा आवाज झाला. ती पळत गेली तेव्हा चित्रदालनाची मागची कनात फाडलेली होती, शेंदरी दगड जमिनीवर विखुरले होते आणि जिज्ञासा त्यांच्या मध्ये डोक्यावर हात घेऊन बसली होती. गर्दी तिच्यापासून हातभर अंतरावर होती.

तेव्हाच फाटकातून पोलिसांची जीप आत आली.

५

आलेला इन्स्पेक्टर एके काळी नूतनच्या हाताखाली होता. तिने त्याला बाजूला घेऊन तवंगाचं आणि तांब्याचं सांगितलं. त्याने गर्दी पांगवली, पण जिज्ञासाला सोडायची त्याची तयारी नव्हती. सगळ्या गावाने बोट दाखवलेलं, बापाची जुनी अदावत, हातांवर शेंदूर. तिला इथून हलवणं तिच्याच भल्याचं, असं तो म्हणाला. त्यात तथ्य होतं. नूतनने त्याच्याकडे उद्घाटनापर्यंतचा वेळ मागून घेतला आणि रिक्षाने हॉस्पिटल गाठलं.

रिक्षा कारखान्यांच्या भिंतींच्या कडेने, ट्रकांच्या रांगेतून वाट काढत होती. नूतनच्या डोक्यात अण्णाच होते. आगीचं खरं बाहेर आलं तर कुणाचं सगळं जाणार? ज्याच्या अंगणात ती लागली त्याचं. नेम त्यांना माहीत. आणि बापाला वाचवायला मुलगा कप ठेवील, हेही बसत होतं. सगळं इतकं नीट बसत होतं, की तिला ते आवडेना.

डॉक्टरांनी सांगितलं, की ही शेंदराची लक्षणं नाहीत. रिपोर्ट उद्या येतील, पण बहुधा झोपेच्या गोळ्यांचा मोठा डोस, वर हृदयाचं आधीचं दुखणं. आणखी उशीर झाला असता तर उठल्या नसत्या. अजूनही काही सांगता येत नाही.

नर्सने सगुणाबाईंच्या अंगावरच्या वस्तू एका पिशवीत बांधून शालनच्या हाती दिल्या होत्या. शालनने ती पिशवी नूतनसमोर रिकामी केली. हिरव्या बांगड्या, मंगळसूत्राच्या जागी घालायची काळी पोत, केसांतले आकडे आणि अबोलीचा गजरा, चुरगळलेला.

"हा गजरा कुठे होता?" नूतनने विचारलं.

शालनला प्रश्नच कळला नाही. नर्स म्हणाली, की अंबाड्याला होता, चांगला चार आकड्यांनी घट्ट बसवलेला. ऑक्सिजनचा पट्टा बांधायला आपणच काढला.

"त्यांनी स्वतः माळला असेल?"

शालनने नकारार्थी मान हलवली. सासूबाईंचा उजवा खांदा धरल्याला वर्ष झालं होतं. हात कानाच्या वर जात नव्हता. वेणी-अंबाडा घरी तीच घालून द्यायची, आणि आज सकाळी तिने घालून दिला तेव्हा गजरा नव्हता. गजरा दरवर्षी भोईरांकडून येतो.

नूतन उभी राहिली. 'गजरा माळायला म्हणून गेले,' असं जी बाई म्हणाली होती, तिने दार उघडलं तेव्हा गजरा आधीच माळलेला होता.

६

दिवस कलला होता. मैदान भरायला लागलं होतं, लोकांना अजून कार्यक्रम होणार की नाही हे माहीत नव्हतं. समितीच्या खोलीत अण्णा, माई, शौनक, इन्स्पेक्टर आणि जिज्ञासा होते. नूतनने दार लोटलं.

तिने आधी शौनककडे पाहिलं आणि शांतपणे सगळं मांडलं. कपातला शेंदूर कोरडा, देवळापाशी घेतलेला. कप ठेवणारा असा माणूस, ज्याला सगुणाबाईंचा नेम माहीत नाही. गावातला माणूस चहाचा कप ठेवायची चूक करणार नाही. जिज्ञासाला नेम माहीत नसेल, पण स्वतःवर बोट येईल असा पुरावा ती स्वतः का ठेवील, आणि तोही आपल्याकडे नसलेल्या कोरड्या शेंदराचा? उरतो तो या गावात जन्मून बाहेर वाढलेला माणूस. ज्याने कपात सगळ्यांआधी वाकून पाहिलं आणि शेंदूर कुणाकडे आहे हेही सगळ्यांआधी सांगितलं.

शौनकने नाकारायचा प्रयत्न केला. इन्स्पेक्टरने नुसतं एवढंच विचारलं, की फुलवाल्यांना बोलावू का. मग तो खुर्चीत खचला.

"मी त्यांना काही दिलं नाही," तो म्हणाला. "मी गेलो तेव्हा त्या उठतच नव्हत्या."

"मग डॉक्टरला का नाही बोलावलंस?"

पुडी आणायला आणि कप भरायला जो वेळ गेला, तो वेळ एका म्हातारीच्या श्वासातून कापला गेला होता, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं असावं. त्याने तोंड झाकून घेतलं.

"तू कुणाला तरी वाचवत होतास," नूतन म्हणाली.

अण्णा ताडकन उठले. चेहरा लाल झाला होता. तुझा रोख माझ्यावर आहे का, असं त्यांनी विचारलं. मी सगुणाला विष घालीन? जिज्ञासाही त्यांच्याकडेच पाहत होती. तिच्या डोळ्यांत इतक्या वर्षांचा हिशेब मागायची घाई होती.

"नाही अण्णा," नूतन म्हणाली. "तुम्हाला तर आजही वाटतं की आग भूपेशने लावली."

ती माईंकडे वळली.

"माई, गजरा तुम्ही कधी माळलात?"

७

माईंनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. पदर सारखा केला. नूतनला वाटलं त्या नाकारतील. पण त्यांचा चेहरा एकदम सैल झाला, जड हंडा डोक्यावरून उतरवल्यासारखा.

"जेवणं झाल्यावर," त्या म्हणाल्या. "गजरा माळताना ती मला म्हणाली, माई, तूच बोलतेस का? तू बोललीस तर मी नाय बोलनार. मी हो म्हटलं. आणि पाणी पुढे केलं."

गोळ्या त्यांच्याच होत्या. रोज रात्री घ्यायच्या, शौनकच आणून देत असे. नुसती झोपेल, उद्घाटन टळेल, मग तिला समजावू, असा त्यांचा विचार होता. किती घातल्या ते भानच राहिलं नाही. ती आडवी झाल्यावर त्यांनी नळावर तांब्या घासला. शौनकने ते पाहिलं होतं हे त्यांना माहीत नव्हतं. मग बराच वेळ त्या देवासमोर बसल्या, आणि राहवेना म्हणून पुन्हा बघायला गेल्या.

"कप बघून मी खरंच ओरडले," त्या म्हणाल्या. "मी ठेवलाच नव्हता ना."

अण्णांना अजून काही उमगत नव्हतं. ते सारखे विचारत होते, पण का, पण तुझा काय संबंध. माई त्यांच्याकडे न बघता बोलल्या.

त्या लग्न होऊन नुकत्या आल्या होत्या. माहेरी डोंबिवलीला शाळेच्या नाटकांत काम करायच्या. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भोईरांची सून चार लोकांसमोर नाचणार नाही. नवऱ्याने अंगणात मंच घातला, गावभरच्या माणसांना बोलावलं, पण बायकोला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाआधी सगळे जेवायला गेले, तेव्हा त्या मागच्या बाजूने मंचावर चढल्या. भूपेशने रंगवलेला राजवाड्याचा पडदा सोडलेला होता. पडद्यामागे अंधार होता, म्हणून त्यांनी घरातली चिमणी पेटवून फळीवर ठेवली. नाटकातला पायघोळ शालू खांद्यावर घेतला. शाळेतल्या नाटकाचं एक वाक्य म्हणून पाहिलं, मग दुसरं. मागे वळताना शालूचं टोक लागून चिमणी पडद्यावर कलंडली.

"मी विझवायला हवी होती. मी पळाले."

सगुणाबाईंनी त्यांना मागच्या वाटेने पळताना पाहिलं होतं. शालू अजून खांद्यावर होता. त्या रात्री माईंनी त्यांचे पाय धरले. सासरे घराबाहेर काढतील, माहेरी तोंड दाखवता येणार नाही. सगुणाबाईंनी शब्द दिला. भूपेश तरुण आहे, कुठेही काम मिळवील, असं दोघींनी एकमेकींना सांगितलं.

"आणि मग दरवर्षी तुम्ही लोकांना सांगायचात, ज्याला मंच नाही त्याला आपण देतो," माई म्हणाल्या. आता त्या नवऱ्याकडे पाहत होत्या. "मी आत पुऱ्या तळत ऐकायची."

बाहेर लाऊडस्पीकरवर कुणीतरी लोकांना शांत बसायला सांगत होतं. जिज्ञासा उठली आणि इतका वेळ रोखून धरलेलं रडू तिला आवरेना. नूतनने तिला जवळ घेतलं.

इन्स्पेक्टर चलण्याची खूण करणार तोच माई म्हणाल्या, "सगुणाला मी शब्द दिलाय. तेवढं करू द्या. मग न्याल तिथे येते."

८

परवानगी द्यायला नको होती, असं इन्स्पेक्टर पुढे बऱ्याचदा म्हणाला. पण त्या वेळी त्याने नूतनकडे पाहिलं, आणि नूतनने होकारार्थी मान डोलावली.

माई मंचावर गेल्या तेव्हा लोकांना वाटलं सगुणाबाईंच्या तब्येतीची बातमी असेल. त्यांनी माइक उंच आहे म्हणून तो खाली करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तेव्हा तशाच टाचा उंचावून बोलल्या. आग मी लावली. भूपेशचा काही दोष नव्हता. सगुणाला गोळ्या मी दिल्या. त्या पोरीचा काही दोष नाही. तुम्ही तिचे दगड फोडलेत, ते माझ्यामुळे. एवढंच. शब्द स्पष्ट होते.

कुणी टाळी वाजवली नाही, कुणी ओरडलंही नाही. त्या शांततेत मागच्या रांगेतला बुवापाड्याचा एक म्हातारा लेझीमवाला उठला आणि चित्रदालनाकडे गेला. वाकून एक दगड उचलून त्याने जागेवर ठेवला. मग आणखी काही जण गेले. माईंना आणि शौनकला घेऊन जीप फाटकाबाहेर पडली तेव्हा अण्णा मंचाच्या पायरीवर बसून होते. जवळ जायची कुणाची हिंमत झाली नाही.

पहाटे सगुणाबाईंनी डोळे उघडले. गळा नळीने सुजलेला, शब्द कष्टाने फुटत होता. शालनने सगळं सांगितलं. त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "तिनी सोता सांगितला?" शालन हो म्हणाली. "मंग बेस झाला," म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले. माईंविरुद्ध जबाब द्यायला मात्र त्यांनी नकार दिला नाही. जे झालं ते झालं तसंच सांगणार, असं त्यांनी इन्स्पेक्टरला सांगितलं.

त्याच सकाळी अण्णांनी नूतनला बरोबर चलण्याची विनंती केली. एकट्याने जायचा धीर होत नाही, असं ते म्हणाले. बदलापूरला एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जिज्ञासाने दार उघडलं. तिने त्यांना आत या म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही.

भूपेश खिडकीशी उशांना टेकून बसला होता. नाकाला नळी, हात काडीसारखे. त्याने अण्णांना ओळखायला वेळ लावला नाही. अण्णा उभेच राहिले. त्यांनी नुसते हात जोडले.

"कळलं मला," भूपेश म्हणाला. एकेका वाक्यानंतर त्याला दम घ्यावा लागत होता. "रात्री पोरीने सांगितलं."

"माझं चुकलं."

"अण्णा, तुम्ही तेव्हा मला विचारलंच नाही." त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच नूतनला ते ऐकवेना. "टर्पेंटाइन संपलं होतं. आणायला मी उल्हासनगरला गेलो होतो. परत आलो तर मांडव जळत होता आणि तुम्ही मला शोधत होतात. एकदा विचारलं असतंत, कुठे होतास, तर दुकानदाराने सांगितलं असतं."

अण्णा खाली बसले, थेट फरशीवर. स्मरणिकेचं पहिलं पान आपण नव्याने लिहिणार आहोत, एवढं ते कसंबसं म्हणाले. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. जिज्ञासाने नळीची गाठ सारखी केली.

मग भूपेशने मुलीला विचारलं, आज कार्यक्रम आहे ना. आहे, ती म्हणाली, लोकांनी तिचे दगड पुन्हा लावलेत, पण चुकीचे लावलेत, तिला जाऊन नीट करावं लागेल.

"मलाही ने," तो म्हणाला. जिज्ञासा डॉक्टर काय म्हणतील ते सांगू लागली. त्याने हात वर करून तिला थांबवलं. "मंचावर नको. लोकांत बसेन. जरा वेळ."

तिने नूतनकडे पाहिलं. नूतनने ऑक्सिजनच्या नळकांड्याकडे पाहून ते रिक्षात मावेल का याचा अंदाज घेतला. अण्णा भिंतीला धरून उठले आणि कुणी काही म्हणायच्या आत रिक्षा आणायला स्वतःच जिना उतरू लागले.